रुमालाखाली दिलेली पेढी

"आप्पांनी पेढी माझ्या हातात दिली," असं म्हणून चनबसूभाऊजींनी उजवा हात पुढे केला आणि सगळ्यांना दाखवला. पेढी अजून तळव्यावरच आहे आणि आम्ही नीट बघितलं तर दिसेल, असा त्यांचा आविर्भाव होता.

"कवा दिली?" दादगोंडा दलालांनी विचारलं.

"गेल्या दिवाळीला. मी फराळ घेऊन आलो होतो."

फराळ आला होता, हे खरं. डबा जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवून भाऊजी तिथूनच परत गेले होते, कारण बाहेर रिक्षा थांबली होती. डबा घासून परत पाठवा, एवढं मात्र ते ओरडून सांगून गेले होते.

"मला त्याच्या आधी दिली," मधले सिद्रामभाऊजी म्हणाले. "गुढीपाडव्याला. मी पाया पडायला गेलो, आप्पांनी हात धरला, वर रुमाल टाकला आणि दिली. माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं."

"मला शेवटच्या आठवड्यात दिली," धाकटे महांतेश म्हणाले. ते कोल्हापुरात बँकेत होते, त्यामुळे शेवटची नोंद धरली जाते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे आप्पांचे, दिवस नुकतेच उरकले होते. पाहुणे पांगले होते, जे पांगले नव्हते त्यांना काम होतं. खाली पेढीवर गादी घातली होती. गादीवर दादगोंडा दलाल तपकिरीची डबी घेऊन बसले होते, समोर तिघे पुतणे, आणि आतल्या दाराला टेकून मी. माझ्या शेजारी चनबसूभाऊजींच्या बायको, शैलाक्का. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी सकाळीच माझ्याकडून "जरा बघू" म्हणून घेतला होता आणि अजून त्या तो बघतच होत्या.

माझे सासरे मुरगेप्पा लिगाडे. सांगलीच्या पेठेत त्यांची हळदीची अडत होती, हरिपुराच्या अंगाला हळद साठवायची जमिनीतली पेवं होती, आणि पेढीच्या वर आम्ही राहायचो ते घर. माझ्या लग्नाला दोन वर्षं होतायत तोवर माझे मालक अपघातात गेले. मुलाला माती देऊन मामंजी परत आले, जिना चढून वर गेले, आणि परत कधीच खाली उतरले नाहीत. कुणाला तोंड दाखवलं नाही की कुणाचं बघितलं नाही. नातेवाईक सुरुवातीला समजूत घालायला आले. मामंजींनी आतून कडी घातली. नातेवाइकांनाही फार आग्रह धरायची सवय नव्हती. आप्पा भ्रमिष्ट झाले, असं आपापसात ठरवून सगळे निर्धास्त झाले.

माझ्याशी ते बोलत नसत. तसे पूर्वीही बोलत नसत; आमच्याकडे सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायची पद्धत नव्हती. पण माणसाला भूक लागते, तहान लागते, सांगायचं तर असतंच. म्हणून ते भिंतीतल्या कपाटाशी बोलत. "कपाटा, आज आमटी खारट झालीया." मी कपाटाच्या बाजूला उभी राहून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी मीठ कमी घालायची. कपाटाचे आणि माझे संबंध चांगले होते.

आता अडत्या माणसाला तोंड दाखवायचं नाही आणि अडत तर चालवायची, हे कसं जमायचं? सांगलीत जमायचं. आमच्या पेठेत तेव्हा हळदीचा भाव तोंडानं बोलतच नसत. दलाल आणि अडत्या एकमेकांचा हात धरायचे, वर रुमाल टाकायचे, आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरायचा. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. बाहेरच्याला नुसते दोन चेहरे दिसायचे, तेही बेरकी. जमलं की टाळी द्यायची आणि रुमाल झटकायचा. आत काय झालं हे त्या दोघांनाच ठाऊक, तिसऱ्यानं विचारायचं नाही. जो विचारेल त्याला पेठेत परत कुणी हात देत नसे.

तेव्हा मामंजी वरच्या खोलीचं दार हातभर किलकिलं करायचे आणि फटीतून हात बाहेर काढायचे. दलाल जिना चढून यायचा, धापा टाकत रुमाल टाकायचा, बोटं धरायचा, सौदा करून उतरायचा. बाकी सगळं हिशेबाचं काम खालचे दिवाणजी बघायचे. पेठेत थट्टा व्हायची. पण मामंजींचा माल चोख आणि शब्द पक्का, त्यामुळे दलाल जिन्याला शिव्या देत का होईना, यायचे.

आणि हे असं असताना माणसानं मृत्युपत्र करावं तर कसं? साध्या माणसासारखं अमक्याला हे, तमक्याला ते, असं लिहून मोकळं व्हावं की नाही? मामंजींनी जाण्याआधी काही महिने वकिलाला बोलावलं, दाराआडूनच सांगितलं, दाराखालून वाकडीतिकडी सही करून दिली. वकिलांनी ते सगळ्यांसमोर वाचलं तेव्हा आधी कुणाला कळेचना. "माझी पेढी, पेवं आणि वरचं घर मी हयातीतच रुमालाखाली दिलेलं आहे. कुणाला दिलं, हे दादगोंडा दलाल सांगेल. तो सांगेल ते खरं." बस्स.

सगळ्यांनी दादगोंडांकडे बघितलं.

"मला न्हाई सांगता येत," दादगोंडा म्हणाले. "रुमालाखालचं दोघांचंच असतंय. एक गेला. दुसरा आसंल त्यानं म्होरं यावं."

त्यावर जो दुसरा होता तो पुढे आला, आणि तो निघाला तिघेजण.

वकिलांनी चनबसूभाऊजींना बाजूला घेऊन कानात काहीतरी सांगितलं होतं. त्यानंतर कोर्ट हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाही. उलट, आप्पांचं मृत्युपत्र अक्षरशः पाळायचं, त्यांच्या आत्म्याला क्लेश नको, यावर तिघा भावांचं एकमत झालं. एवढं एकमत त्यांच्यात आधी एकदाच झालं होतं, ते त्यांच्या वडिलांनी आपल्या वाटणीचा हिस्सा विकला तेव्हा पैसे वाटून घ्यायला. वकील कानात काय बोलले ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं: ते मृत्युपत्र कोर्टात टिकलं नाही, तर कायद्यानं सगळं मुलाच्या विधवेचं होईल. मला हे त्या वेळी कुणी सांगितलं नाही. बाईमाणसाला कायदा सांगून तिच्या जिवाला घोर कशाला लावा!

माझी ट्रंक मात्र सकाळीच खाली आणून ठेवली होती.

"जतची एस.टी. दुपारची असती बघ," शैलाक्का मला मायेनं म्हणाल्या. "भावाकडं बरं वाटंल तुला. हितं एकटी काय करणार? पेढी बघायची म्हणजे काय चपात्या लाटायच्या हैत?"

"माझ्या भावाला विचारलंय का कुणी?" मी म्हटलं.

"पत्र टाकलंय की. त्याच्या बायकोचं उत्तर बी आलं. येताना पितळेची भांडी घेऊन या म्हणून."

मला जतला जायचं नव्हतं. भावाच्या घरी चुलीच्या कोपऱ्यात बसून भावजयीच्या पोरांची शी-शू काढायची, आणि सणाला जुनं लुगडं मिळालं की भरून पावायचं, हे मी दोन मावश्यांचं बघितलं होतं. मला पेढी हवी होती. नुसतं घर नव्हे, पेढी. ती माझी का होती, हे मला ठाऊक होतं. पण ते तोंडानं सांगायची सोय नव्हती. ते मी त्या गादीसमोर उच्चारलं असतं तर पेढी राहिली बाजूला, जतलासुद्धा मला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, आणि मेलेल्या सासऱ्याच्या नावाला बट्टा लागला असता तो वेगळाच. म्हणून मी दाराला टेकून गप्प उभी होते. गप्प बसणारी विधवा सगळ्यांना आवडते. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं.

तिकडे गादीवर पाडवा थोर की दिवाळी थोर, यावरून जुंपली होती.

"पाडव्याला आप्पांना ताप होता," चनबसूभाऊजी म्हणाले. "तापात दिलेलं धरत नाहीत."

"तू कधी आला होतास ताप बघायला?" सिद्रामभाऊजींनी विचारलं.

"तू पाडव्याला आला नव्हतास, हे मला माहीत आहे!"

"म्हणजे तू तरी कुठं आला होतास?"

इथं दोघांनाही काय बोललो ते कळलं. दादगोंडांनी तपकिरीची चिमूट नाकात भरली, दोनदा शिंकले, उपरण्यानं नाक पुसलं. त्यांना कसलीच घाई दिसत नव्हती. मला त्यांचा राग येत होता. असा मोठा माणूस, पेठेत यांच्या शब्दावर लाखाचे सौदे होतात, आणि इथं बसून नुसता शिंकतोय.

तेव्हा महांतेशनी घसा खाकरला. बँकेत राहून त्यांच्या बोलण्यात एक गोडवा आला होता, कर्ज नाकारताना लागतो तसला. "काका, असं भांडून आप्पांची अब्रू जाते. त्यांनी रुमालाखाली दिलंय ना? मग आपणही पद्धतीनंच करू. तुम्ही रुमाल टाका. ज्याला जे सांगायचंय ते तो तुमच्या हातात सांगेल. एकेकानं. तुम्ही ऐका आणि निकाल द्या."

दादगोंडांनी डबी बंद केली. "रुमाल टाकायचा म्हनतोस?"

"हो. आणि रुमालाखाली काय झालं, हे नंतर कुणी कुणाला विचारायचं नाही. पेठेचा नियम आहे. काय दादा, कबूल?"

चनबसूभाऊजींच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. सिद्रामभाऊजींच्या जरा उशिरा चमकलं, ते तसे सगळ्यातच जरा मागे होते. रुमालाखाली फक्त आकडे बोलता येतात, हे तिघांनाही ठाऊक होतं. आणि मरणाऱ्या चुलत्याची शेवटची इच्छा आकड्यात सांगायची म्हणजे नेमकं काय सांगायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"कबूल," चनबसूभाऊजी म्हणाले.

"कबूल. कुणी विचारायचं नाही," सिद्रामभाऊजी म्हणाले.

"तोंडानं बोललासा बगा तिघंबी," दादगोंडा म्हणाले. "मागनं बदलायचं न्हाई." आणि त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून झटकला.

आधी चनबसूभाऊजी बसले. दोघांचे हात रुमालाखाली गेले. भाऊजींचा चेहरा भक्तिभावानं भरून आला होता, अगदी मठात बसल्यासारखा. रुमाल थोडा हलला. दादगोंडांची भुवई वर गेली आणि खाली आली. भाऊजींनी पुन्हा काहीतरी दाबलं. दादगोंडांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते काही कळलं नाही. भाऊजी उठले तेव्हा त्यांना घाम आला होता.

मग सिद्रामभाऊजी. त्यांना बोटांचा हिशेब नीट येत नसावा, कारण मध्येच त्यांनी "तसं नव्हे" असं मोठ्यानं म्हटलं आणि जीभ चावली. मग महांतेश. ते सगळ्यांत कमी वेळ बसले आणि सगळ्यांत समाधानी होऊन उठले. जाताना त्यांनी दादगोंडांचा हात रुमालावरून हलकेच थोपटला.

दादगोंडांनी रुमाल तसाच मांडीवर ठेवला. "झालं?"

"झालं. आता सांगा," तिघे म्हणाले.

"आनि सून?"

कुणाला आधी कळलंच नाही. मग शैलाक्का हसल्या. "तिला काय विचारायचंय? ती जतला चाललीया."

"घरात आनखी एक मानूस हाय. तिलाबी विचाराय पायजे. उद्या म्हनंल, मला विचारलं न्हाई."

"विधवा बाई परपुरुषाच्या हातात हात देणार?" चनबसूभाऊजींचा आवाज चढला. "लिगाड्यांच्या घरात? चार लोकांसमोर?"

"मी तिच्या सासऱ्याच्या वयाचा हाय. आनि वर रुमाल हाय की."

महांतेशनी हात वर केला. "दादा, विचारू द्या. ती नाही म्हणेल आणि विषय संपेल. पुढची तक्रार राहायला नको." ते माझ्याकडे वळून मोठ्या प्रेमानं म्हणाले, "वहिनी, नसेल जमत तर नुसती मान हलवा. कुणी काही म्हणणार नाही."

मी मान हलवली नाही. पदर डोक्यावर नीट ओढून घेतला, दारापासून निघाले आणि गादीच्या कडेला जाऊन बसले. शैलाक्कांच्या हातातल्या किल्ल्या वाजल्या. मी हात पुढे केला आणि रुमाल त्यावर पडला.

दादगोंडांचा हात खरबरीत होता. त्यांनी आधी माझी दोन बोटं धरली, सोडली, मग पंजा धरला.  तो भाव होता. राजापुरी जातीच्या हळकुंडाचा, गेल्या हंगामातल्या आमच्या शेवटच्या सौद्याला त्यांनी सुरुवात केली होती तोच.

आणि माझी बोटं, मी काही ठरवायच्या आत, त्याला उत्तर द्यायला लागली.

मी इतका वेळ जे उच्चारत नव्हते ते हे. शेवटची दोन वर्षं त्या दाराच्या फटीतून बाहेर येणारा हात मामंजींचा नव्हता, माझा होता.

एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर मामंजी पलंगावर तिरपे पडले होते. उजवी बाजू गेली होती. मी डॉक्टरला बोलवायला वळले तर तोंडातल्या तोंडात, वाकड्या जिभेनं, कपाटाला म्हणाले, "कपाटा, पेठेला कळता कामा नये." मला कळलं. अडत्याचा हात गेला अशी कुणकुण लागली की शेतकरी माल दुसरीकडे उतरवणार. एका हंगामात पेढी बसली असती. आणि पेढी सोडली तर त्या माणसाकडे जगायला दुसरं काही राहिलेलं नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. डॉक्टर आणला तो मिरजेचा, पाहुणा म्हणून.

मग त्यांनी मला शिकवलं. डाव्या हाताची बोटं हवेत धरून दाखवायचे, शेकडा कसा, दहा कसे, वरचे सुटे कसे. घासाघीस कुठून सुरू करायची आणि कुठं थांबायची. मी बाजूला उभी राहून माझ्याच उजव्या हातानं माझा डावा हात दाबून बघायची. दोन-चार दिवसांनी त्यांनी पलंगावरचा रुमाल उचलला, आपल्या डाव्या हातावर टाकला आणि कपाटाकडे बघून म्हणाले, "कपाटा, हात दे." सासऱ्यानं सुनेचा हात धरण्याची ती आमच्या घरातली पहिली आणि शेवटची वेळ. रुमालाखाली आम्ही दोघांनी अख्खा सौदा केला. सौदा जमला तेव्हा त्यांनी टाळी दिली नाही, हात तसाच धरून ठेवला, बराच वेळ. मग म्हणाले, "जा. दलाल येईल."

दलाल आला. मी दाराच्या फटीतून हात बाहेर काढला. विधवेच्या हातात बांगड्या नसतात, त्याचा त्या घराला तेवढा एक उपयोग झाला.

दोन वर्षं मी तो हात बाहेर काढत होते आणि दरवेळी दाराआड श्वास रोखून उभी राहायची. कधी कुणी रुमाल उचलला तर? लिगाड्यांची विधवा सून पेठेतल्या झाडून सगळ्या दलालांच्या हातात हात देते, ही बातमी हळदीपेक्षा लवकर खपली असती. आणि मुरगेप्पाच्या नावानं झालेला प्रत्येक सौदा खोटा ठरला असता. म्हणून मी गप्प होते. म्हणूनच मामंजींनाही सरळ माझं नाव लिहिता आलं नव्हतं; पेढी बाईला का दिली, असं कुणीतरी विचारलंच असतं.

आणि आता, तिघे दीर, एक जाऊ आणि माझी ट्रंक यांच्या साक्षीनं मी दादगोंडांशी घासाघीस करत होते. त्यांनी भाव चढवला. मला तो पुरेसा वाटला नाही. मी अजून वर दाबलं. ते थोडं वर आले, मी अडून बसले. वरून दिसत होतं ते एवढंच, की एक म्हातारा डोळे मिटून बसलाय आणि डोक्यावर पदर घेतलेली एक बाई खाली मान घालून. सिद्रामभाऊजींनी जांभई दिली.

शेवटी दादगोंडांनी माझं बोट मान्य करून हात घट्ट धरला, रुमाल झटकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी टाळी दिली.

"सौदा झाला. पेढी हिची. पेवं हिची, वरचं घर हिचं. मुरगेप्पानं हिला दिलंय."

 मग तिघेही एकदम बोलले.

"हे काय काका!" चनबसूभाऊजी उठून उभे राहिले. "हिला? काय सांगितलं हिनं? काय दाबलं हिनं तुमच्या हातात?"

"विचारायचं न्हाई ठरलं हुतं न्हवं?"

"आम्हाला कळलं पाहिजे! हा घोटाळा आहे. रुमालाखाली काय झालं ते आत्ताच्या आत्ता सांगा."

"बरं," दादगोंडा शांतपणे म्हणाले आणि रुमालाची घडी घालायला लागले. "विचारायचंच म्हनतासा तर विचारू या. पर मग पैल्या हातापास्नं विचारू. चनबसू, तू पैला बसला हुतास. तू काय काय दाबलास, ते सांगतो समद्यांस्नी. मग सिद्राम. मग ह्यो धाकला. तिघांचं आकडं माझ्या ध्यानात हैत. धाकल्याचा समद्यात मोठा."

चनबसूभाऊजींनी महांतेशकडे बघितलं. महांतेशनी छताकडे बघितलं. सिद्रामभाऊजी म्हणाले, "किती मोठा?" आणि शैलाक्कांनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

"नको," चनबसूभाऊजी म्हणाले. "नियम म्हणजे नियम. आप्पांची इच्छा."

"आप्पांची इच्छा," महांतेशही म्हणाले.

आप्पांच्या इच्छेचा एवढा मान राखून ते तिघे संध्याकाळच्या आत निघाले. शैलाक्कांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या नाहीत, गादीवर टाकल्या. जतच्या एस.टी.ची वेळ होऊन गेली होती. मी ट्रंक स्वतःच उचलून जिन्यापाशी ठेवली आणि दादगोंडांसाठी चहा टाकला.

त्यांनी चहा बशीत ओतला. मी म्हटलं, "काका, तुम्हाला हात धरल्यावर ओळखू आलं का?"

"आत्ता?" ते बशीतून मान वर काढून म्हणाले. "आगं, दोन वर्सं झाली की. पैल्याच सौद्याला कळलं. मी जैनाचा मानूस. मुरगेप्पाच्या बोटांस्नी हळदीचा वास यायचा. त्या दिवशी लसनाचा आला."

मी कप खाली ठेवला. "आणि बाकीचे दलाल?"

"समद्यांस्नी ठावं हाय. मुरगेप्पा भाव तोडताना शेवटाला एक बोट सोडायचा, समोरच्याची लाज राखाय. तू कवा सोडलीस? येक डाव न्हाई. पेठंत म्हनायचीत, मुरगेप्पा म्हातारपनी लई चिकट झालाय, आनि हसायचीत."

दोन वर्षं मी दाराआड श्वास कोंडून मेले होते आणि बाहेर जिन्यावर सगळी पेठ हसत उभी होती! मला संताप आला.

"मग कुणी बोललं का नाही? माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं."

"रुमालाखालचं कोन बोलतंय? आनि बोलून काय करायचं? माल चोख हुता, शबुद पक्का हुता. हात कुनाचा का असंना."

"मग आज सकाळीच सांगायचं होतं. तिघांना एवढं भांडू का दिलंत?"

"तोंडानं सांगितलं असतं तर तुझा हात दोन वर्सं कुनी कुनी धरला हे बी सांगाय लागलं असतं. तुला ह्या गल्लीत ऱ्हायचंय. म्हनून गप बसून ऱ्हायलो, त्यांच्याच तोंडातनं रुमाल कवा निघतोय ते बघत. धाकला हुशार, त्यानं काढला." त्यांनी उरलेला चहा संपवला आणि उठायला लागले.

"म्हणजे सगळ्या पेठेला ठाऊक होतं," मी म्हटलं, "आणि ह्या तिघांनाच नव्हतं."

"त्यास्नी कुटनं असनार?" दादगोंडा जोड्यात पाय घालत म्हणाले. "हात बदललाय हे कळाय, आदी कवा तरी त्यो धरलेला असाय लागतोय."

ते गेले. मी कपबश्या उचलून मोरीत नेल्या, नळ सोडला, आणि तिथं मला रडू फुटलं. मामंजी गेल्यापासून मी रडले नव्हते. ते काम पुतण्यांनी घेतलं होतं, आणि त्यांनी ते इतकं मोठ्यानं केलं होतं की माझी पाळीच आली नव्हती. नळ चालू ठेवून मी मनसोक्त रडून घेतलं. मग तोंड धुतलं, दिवाणजींना हाक मारली आणि उद्या माल कुणाकुणाचा उतरणार आहे ते विचारलं.